शय्यादानात गेलेली गादी

आयुष्यभर काय केलंत, असं मला कोणी विचारलं की मी सरळ सांगते, लोकांना बेडपॅन दिले आणि त्यांच्याकडून परत आणले. ऐकणारा जरा मागे सरकतो. देण्याचं काम कोणीही केलं असतं. परत आणायला मात्र माझ्यासारखीच बाई लागते, हे मी आता म्हातारपणी बिनदिक्कत सांगते.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. ठाण्यात एक क्लब होता. क्लब म्हटलं की लोकांना पत्ते आणि सोड्याच्या बाटल्या आठवतात, पण हा तसला नव्हता. वकील, डॉक्टर, गिरणीतले साहेब, पेढीवाले अशी मंडळी आठवड्यातून एकदा जेवायला जमत, एखादं भाषण ऐकत आणि धर्मादाय निधीतून यंदा काय करायचं यावर कडाकडा भांडत. त्यातून डोळ्यांची शिबिरं झाली, शाळांना बाकं मिळाली, कल्याणला स्टेशनाबाहेर पाणपोई झाली. उद्घाटनाला सगळे कोट घालून हजर असत. दुसऱ्या दिवशी पाणपोईचे माठ कोण भरणार, हे मात्र कोणी विचारत नसे.

क्लबचे चिटणीस वकील होते, सगळे त्यांना अण्णासाहेब म्हणत. त्यांच्या डोक्यातून रुग्णसाहित्य केंद्र निघालं. त्या काळी माणसं घरातच आजारी पडत आणि घरातच बरी होत किंवा मरत. इस्पितळाचं नाव काढलं की घरात रडारड व्हायची. घरी मोठं दुखणं आलं की बेडपॅन, अंथरुणात टेकून बसायची लाकडी पाठ, कुबड्या, एनिमाचं भांडं, बर्फाची पिशवी असलं पुष्कळ काही लागतं. हे सगळं विकत कोण घेणार, आणि घेतलं तरी माणूस उठल्यावर त्याचं करायचं काय? बेडपॅन काही कोणी फडताळात चहाच्या भांड्यांशेजारी ठेवत नाही. तेव्हा क्लबने वस्तू घ्यायच्या, लागेल त्याने न्यायच्या, गरज सरली की आणून द्यायच्या. क्लबमधल्याच एका डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यामागची खोली दिली. मी लग्नाआधी मुंबईच्या इस्पितळात नर्स होते, म्हणून खोलीची किल्ली माझ्याकडे आली.

वस्तू देताना ती कशी वापरायची हे मी दोनदा सांगत असे आणि एकदा त्यांच्याकडून वदवून घेत असे. तरीही एका बाईंनी गरम पाण्याची पिशवी पाण्यात घालून उकळली. एका घरी टेकायच्या पाठीवर पापड वाळत घातलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, आणि आजोबा बिचारे भिंतीला टेकून बसले होते. चाकाची खुर्ची वडिलांसाठी म्हणून नेलेल्या एका गृहस्थांनी तिच्यावर गणपती बसवून तलावापर्यंत नेला. मी वाटेतच गाठलं त्यांना, पण मोरया मोरया चाललेलं असताना गणपतीला उतरवा कसं म्हणायचं? विसर्जनापर्यंत बरोबर चालत गेले, आरतीला टाळ्या वाजवल्या आणि मग खुर्ची घेऊन घरी आले.

क्लबची स्वतःची एक गंमत होती. या वस्तू बहुतेक देणग्यांतून येत, आणि देणगी माणूस कधी देतो, तर घरातलं कोणी गेलं की. देणगीदाराचं नाव वस्तूवर घालायचं असा ठराव झाला होता. रंगाऱ्याने तो इमानेइतबारे अमलात आणला. प्रत्येक वस्तूवर लाल रंगात ठसठशीत अक्षरं, ‘कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ’. आता विचार करा, माणूस न्यूमोनियाने आडवा झालाय, जीव घाबरा झालाय, आणि समोर जेवणाच्या घडीच्या टेबलावर दिवसभर ‘कै.’ वाचतोय! डोंबिवलीच्या एका पेन्शनर गृहस्थांनी ते टेबल आमच्या दारात आणून आपटलं. म्हणाले, “सिस्टर, मी अजून आहे. मला घाई करू नका.” मी अण्णासाहेबांना म्हटलं, एक तर नावं पुसा नाही तर मला सोडा. नावं पुसली नाहीत, देणगीदार रुसले असते. शेवटी मी जुन्या लुगड्यांचे अभ्रे शिवून सगळ्या वस्तूंना चढवले, आणि तो विषय संपवला.

आमच्या खोलीतला खरा ऐवज म्हणजे पाण्याची गादी. जाड रबराची, विलायतेहून आलेली, आणि एकच. जो माणूस स्वतः कूस बदलू शकत नाही त्याच्या पाठीला, कमरेला, टाचांना अंथरुणाचा दाब लागून जखमा होतात. आधी नुसतं लाल दिसतं, मग कातडी जाते, मग मांस, आणि हाडापर्यंत पोचली की ती जखम माणसाला घेऊनच जाते. रोगी मूळ दुखण्याने मरत नाही, अंथरुणाने मरतो. पाण्याच्या गादीवर दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. ती खाटेवर फळ्या टाकून मग भरायची, कोमट पाण्याने. फार भरली तर दगडासारखी होते, कमी भरली तर माणूस फळीला टेकतो. अंगाखाली हात सरकवून बघायचं. हात आरामात फिरला की गादी बरोबर भरली.

ही गादी डोंबिवलीला केळकर मास्तरांकडे होती. मास्तरांना अर्धांगवायू झालेला. वाचा जड झाली होती, तरी मी गेले की ते हात हलवून गादी थोपटत आणि हसत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते गेले.

आमच्या धंद्याचा एक नियम मीच घातला होता, सुतकातल्या घरी वस्तू मागायला जायचं नाही. लोक आधीच कावरेबावरे असतात, त्यात क्लबची बाई बेडपॅन मागत दारात उभी, हे मला बरं दिसत नसे. तेराव्यानंतर जाऊ, असं ठरवून मी स्वस्थ होते.

आणि त्याच दिवसांत कोलशेतचा पांडू आमच्याकडे आला. म्हणजे तो आला नाही, त्याची आई हिराबाय आली. मिठागरावर मिठाची पोती खाडीत लागलेल्या पडावात चढवताना फळी निसटली आणि पांडू पाठीवर आपटला. वय असेल विशीचं. कमरेखाली सगळं गेलं. इस्पितळाने होतं ते करून घरी पाठवलं होतं. आमचे डॉक्टर आणि मी टांग्याने माजिवड्यापर्यंत आणि पुढे बैलगाडीने गेलो. पांडूला कुशीवर वळवलं तेव्हा माकडहाडावर तळव्याएवढी जखम होती, कडा काळ्या पडलेल्या. पांडूला तिथलं काहीच कळत नव्हतं. तो भिंतीकडे तोंड करून विचारत होता, “कसा हाय, बाय? बरा हाय ना?” हिराबाय पदर तोंडात धरून दाराकडे वळली.

बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, आठवडाभरात त्याला गादी मिळाली तर तो राहील. पुढचं मी बोलत नाही.”

मी हिराबायला दर थोड्या वेळाने पांडूला वळवायला शिकवलं, जखमेवर दाब येऊ नये म्हणून कापसाची कडी करून दिली, आणि सांगितलं, “मी गादी आणते. आमचीच आहे, डोंबिवलीला आहे.” मास्तरांचा तेरावा आदल्याच दिवशी झाला होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच डोंबिवलीला उतरले.

केळकर काकू माजघरात बसल्या होत्या. मुलगा श्रीधर मुंबईत कारकून होता, तो रजेवर होता. चहा झाला, मास्तरांच्या आठवणी झाल्या. मग मी गादीचं विचारलं.

काकू शांतपणे म्हणाल्या, “ती परवा दिली, सिस्टर. शय्यादानात.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी मटकन बसले असते, पण बसलेलीच होते. गेलेल्या माणसाला पुढे पाठ टेकायला मिळावी म्हणून आपण ब्राह्मणाला पलंग, गादी, उशी, पांघरूण देतो. तसं सगळं रीतसर दिलं होतं. पलंग नवा, उशी नवी, पांघरूण नवं, आणि गादी आमची.

“शेवटी शेवटी ह्यांच्या डोळ्याला डोळा लागला तो त्या गादीवरच,” काकू म्हणाल्या. “पाण्यावर निजल्यासारखं वाटतं गं, म्हणायचे. आता तिकडे कापसाची पाठवायची, आणि ह्यांनी पुन्हा कण्हत पडायचं?”

श्रीधर खाली मान घालून म्हणाला, “मी आईला म्हटलं, क्लबला नवी आणून देऊ. मुंबईत सगळीकडे फिरलो, सिस्टर. गादी विलायतेहून मागवावी लागते. आगबोटीने यायला कित्येक महिने जातील म्हणतात.”

मी त्यांना पांडूचं सगळं सांगितलं. जखम केवढी आहे ते हाताचा तळवा पुढे करून दाखवलं. काकूंचे डोळे भरून आले. त्या खोटं रडत नव्हत्या. म्हणाल्या, “त्या मुलाला वाचवा हो, काय वाटेल ते करा. पण ती गादी परत मागू नका. दिलेलं दान परत घ्यायचं म्हणजे ह्यांच्या पाठीखालून ओढून काढायचं. ते माझ्याच्याने व्हायचं नाही.”

मेलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होत नाहीत, हे वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्या बाईने नवऱ्याची पाठ रोज पुसली होती, पावडर लावली होती, आणि मास्तरांच्या अंगावर शेवटपर्यंत एक लाल डाग पडू दिला नव्हता. तिला मी हे बोलले असते तर माझं मलाच तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी भटजींचं नाव विचारलं आणि उठले.

ठाण्याला येऊन अण्णासाहेबांना सांगितलं. ते आधी हसले, मग वकील झाले. “जी वस्तू आपली नाही तिचं दान करताच येत नाही. मी आजच नोटीस काढतो.”

“काढा,” मी म्हटलं, “पण तुमची नोटीस वाचून पांडूची पाठ थांबायची नाही.” नोटीस राहिली, आणि मी दुपारच्या गाडीने कल्याण गाठलं.

दामोदरभट पारनाक्याच्या बाजूला राहत. ओटीवरच त्यांची बायको खाली बसलेली, पुढे आमची गादी पसरलेली, हातात कात्री! मुलगी बाळंतपणाला आलेली, पाळण्यात घालायला रबराचे तुकडे हवे होते. चार तुकडे छान निघतील म्हणून त्या वितीने मोजत होत्या. मी वहाणा न काढता ओटीवर चढले आणि म्हटलं, “काकू, आधी ती कात्री खाली ठेवा. मग मी कोण ते सांगते.”

आवाज ऐकून दामोदरभट बाहेर आले. वाळकासा माणूस, डोळे मिस्कील. मी सगळं सांगितलं, क्लबचं, मास्तरांचं, पांडूचं. त्यांनी एकदाही मधे तोडलं नाही. मग म्हणाले, “संकल्प झाला, पाणी सुटलं, दान मी घेतलं. मास्तरांना गादी पोचली. आता ती त्यांच्याकडून काढून घेणं देवालाही जमणार नाही.”

“म्हणजे तुम्ही नाही म्हणता?”

“बाई, तुम्ही फार घाईच्या. मास्तरांची गादी मास्तरांकडे आहे, ती कोणी हलवत नाही. ही जी इथे पडलीय ती माझी. माझ्या वस्तूचं काय करायचं ते मी ठरवीन की नाही?” आणि बायकोकडे वळून म्हणाले, “अगं, पळीपंचपात्र आण.”

“आणि पाळण्यात काय घालू?” बायकोने विचारलं. प्रश्न रास्त होता. आमच्याकडे बाळांच्या अंथरुणाखाली घालायचं चांगलं मऊ रबरी कापड होतं, ते उद्याच पाठवते असं मी कबूल केलं, आणि दुसऱ्या दिवशी पाठवलंही.

दामोदरभटांनी मला पाटावर बसवलं. गादीवर तुळशीचं पान ठेवलं, मंत्र म्हटला आणि माझ्या ओंजळीत पाणी सोडलं. पळी खाली ठेवताना म्हणाले, “जन्मभर माझा हात खाली असतो हो, घेणाऱ्याचा. आज एकदा वर राहिला.” त्यांचा आवाज जरा हलला. मग नेहमीच्या सवयीने मी विचारलं, देणगीदार म्हणून गादीवर नाव घालायचं का. आमच्या क्लबची ती रीत त्यांनी ऐकली होती. म्हणाले, “नको नको. मी अजून जिवंत आहे.”

केळकर काकूंची समजूत मी घालणार होते, त्यांनी मला थांबवलं. “तुमचं त्यांना पटणार नाही. तुम्ही कोलशेतला जा. मी डोंबिवलीला जाऊन सांगतो.” ते उपरणं घेऊन निघालेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी गादी घेऊन मी कोलशेतला पोचले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. गादी कुठून आली ते मी हिराबायला लपवलं नाही. शेजारची एक म्हातारी पुढे होऊन म्हणाली, “मेल्याचे दानाची वस्तू घरान घेतेस, हिरे?”

हिराबाय तिच्याकडे न बघता मला म्हणाली, “बाय, माजा पोर जित्ता रवतो ना तिच्यावर? मग आन आत. बाकी काय बी बोलू दे.”

पण गादी आणली म्हणजे झालं नाही, ती भरायला पाणी हवं. कोलशेत खाडीकाठचं गाव, उन्हाळ्यात गोड्या पाण्यासाठी बायका माजिवड्याकडच्या विहिरीवर जात. “कवरं पानी लागंल?” हिराबायने विचारलं. किती हंडे ते मी सांगितलं. तेवढं पाणी तिच्या घरात काय, आळीतल्या चार घरांत मिळून नव्हतं. ती बाहेर गेली. थोड्या वेळाने एक बाई हंडा घेऊन आली, मग दुसरी, मग कळशी घेऊन एक परकरी पोर. ज्या पाण्यावर त्यांचा रात्रीचा भात शिजायचा होता ते पाणी एकेक करून गादीत गेलं. मघाशी बोललेली म्हातारीही आली. हंडा रिकामा करून तशीच मागे फिरली.

फळ्या ठोकल्या, गादी भरली, चौघांनी पांडूला उचलून वर ठेवलं. मी त्याच्या अंगाखाली हात घातला. फिरला. पांडूला पाठ कळत नव्हती, पण खांदे कळत होते. तो म्हणाला, “बाय, पडाव पान्याव सोडला तसा वाटतं,” आणि बघता बघता झोपला. हिराबाय उंबऱ्यात बसली आणि तिने आदल्या दिवशीची भाकरी खायला घेतली. पांडू पडल्यापासून ती धड जेवली नव्हती, असं एका शेजारणीने मला सांगितलं.

जखम भरायला पावसाळा लागला. एका सकाळी पट्टी काढली तर काळं जाऊन तळाशी लालबुंद ताजं मांस दिसलं. आमच्या धंद्यात याच्याहून सुंदर काही नसतं. मी काही बोलायच्या आधीच पांडू म्हणाला, “बरा हाय ना? आय बग, बाय हसते.” त्याला त्याची पाठ आमच्या तोंडांवरूनच कळायची.

पांडू पुढे चालला नाही, ते होणारच नव्हतं. पण तो बसता झाला, जाळी विणू लागला, आणि पुष्कळ वर्षं जगला. मला राहिलेली खंत वेगळी आहे. दुसरी गादी घ्या म्हणून मी क्लबपुढे हात जोडले, तर त्या वर्षी निधीतून तलावाकाठी संगमरवरी बाक बसवलं. त्यावर अजून लोक बसतात म्हणे. मी कधी बसले नाही. पुढच्या वर्षी मात्र मी सभेतच उभी राहिले आणि दोन गाद्या मंजूर होईपर्यंत खाली बसले नाही. मधल्या काळात कोणाकोणाला नाही म्हणावं लागलं, ते चेहरे मला अजून आठवतात.

त्याच पावसाळ्यात एक दिवस केळकर काकू आमच्या खोलीवर आल्या. एकट्याच, छत्री मिटत. मास्तर गेल्यापासून त्या घराबाहेर पडल्याचं मी ऐकलं नव्हतं. भटजींनी त्यांना सगळं नीट समजावलं होतं, त्यांना पटलंही होतं. तरी बराच वेळ त्या इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. मी चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

मग त्यांनी विचारलं, “तो कोलशेतचा मुलगा, त्याला झोप लागते का हो त्या गादीवर?”

“लागते, काकू. गाढ लागते.”

त्यांनी डोळे पुसले आणि चहाचा कप उचलला. म्हणाल्या, “मग ह्यांनाही लागत असेल.”